उजव्या हाताला डेअरी

प्रिय ठमे,

या वयात तुला ठमे म्हणणं शोभत नाही, हे मला कळतं. तुझ्या शिकवणीच्या मुलांपैकी कुणी हे पत्र पाहिलं तर तुझा वर्गातला सगळा धाक संपला म्हणून समज. पण तुझं खरं नाव लिहायला घेतलं की कुणा परक्या बाईंना अर्ज लिहितोय असं वाटायला लागतं. तेव्हा ठमेच.

तू फोनवर पुन्हा पुन्हा विचारतेस, कधी येतोस, आणि मी दर वेळी "बघतो" म्हणतो. मध्यंतरी तू म्हणालीस, "दादा, तुझं 'बघतो' म्हणजे 'हो', हे मला लहानपणापासून ठाऊक आहे," आणि फोन ठेवूनसुद्धा दिलास. मग कळलं की वरची खोली तू रंगवून घेतलीस, शिकवणीचे बाक जिन्यात काढून ठेवलेस आणि मेहुण्यांनी सायकल टांगायला भिंतीत हूकही ठोकला. मेहुणे भिंतीत हूक ठोकतात म्हणजे ऑपरेशननंतर ते आता ठणठणीत झालेत, एवढा आनंद मला त्यातून झाला. पण बाकीचं ऐकून फोनवर काही बोलणं जमेना. फोनवर आपलं कसं चालतं ते तुला माहीत आहे. तू बोलतेस, मी हुं हुं करतो आणि तुला वाटतं ठरलं. म्हणून लिहायला बसलो. ही वहिनीशिवायची दोन खोल्यांची जागा सोडून मी कायमचा तिकडे यायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे. त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण ते इथेच लिहिलं तर पुढचं न वाचता तू सरळ फोन लावशील. तेव्हा शेवटपर्यंत दम धर.

इथली थंडी आता ओसरली आहे. सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली की खालच्या लाँड्रीची वाफ वर येते. त्या वाफेत समोरच्या इमारती अर्ध्या विरघळल्यासारख्या होतात आणि क्षणभर मला नक्की कळत नाही की मी कुठल्या खिडकीत उभा आहे, इथल्या की आपल्या. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि काळजीनंही नाही. तू लगेच मेहुण्यांना हाक मारून "दादाचं काहीतरी बिनसलंय" म्हणशील म्हणून आधीच सांगतो, मी ठीक आहे. जेवतो, झोपतो, कपडे वेळेवर धुतो. मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही, एवढंच.

आमच्या शहराचा खेळ तुला अर्धामुर्धा माहीत आहे. आज तो पूर्ण सांगतो, कारण त्याच्याशिवाय माझं म्हणणं तुला कळायचं नाही.

मी इथे हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या नोकरीवर आलो तेव्हा पहिलं वर्ष मी सायकलला हातच लावला नाही. सायकल म्हणजे आपलं शहर, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बाबांच्या सायकलच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत मी पहिल्यांदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो तेव्हापासून त्या शहराचा प्रत्येक चढ मला पोटऱ्यांत ठाऊक होता. टाकीचा चढ कुठे सुरू होतो ते डोळ्यांआधी मांड्यांना कळायचं. छापखान्याजवळ शाईचा वास, बर्फाच्या कारखान्याजवळ पायांना गार हवा, पुलावर डाव्या कानात वारा. इथे रस्ते गुळगुळीत, झाडं रांगेत, माणसं सभ्य, पण माझ्या पायांना काहीच ओळखीचं लागत नव्हतं.

मग लग्न झालं. तुझी वहिनी दुसऱ्या गावची. लग्न तिच्या गावी, नंतर आपल्या घरी पाहुण्यांच्या गराड्यात दोन दिवस, आणि तिथून थेट विमान. आपलं शहर तिनं पाहिलंच नव्हतं. पाहिलं असेल ते स्टेशनपासून घरापर्यंत, तेही डोक्यावरच्या पदरातून. आणि तिला सायकल येत नव्हती. मी शिकवायचा प्रयत्न केला. नदीकाठच्या बागेत तिनं एक बाक, एक कचऱ्याची टोपली आणि एक म्हातारे गृहस्थ पाडले. शेवटी आमच्या चौकातल्या सायकलवाल्या बाईंनी आत बोलावलं. या बाई म्हणजे इथला आमचा पहिला स्नेह. दुकानात त्यांच्या हाताला ग्रीस आणि तोंडात शिट्टी कायम. त्या म्हणाल्या, "दोघांचीही हाडं शाबूत हवी असतील तर ही घ्या," आणि कोपऱ्यातून दोन सीटांची सायकल बाहेर काढली. दोन सीटा, दोन हँडल, पायडलांच्या दोन जोड्या, पण वळवायचं काम फक्त पुढच्याचं. मागच्याचं हँडल नुसतं धरायला. दोन्ही पायडलं एकाच साखळीनं बांधलेली, म्हणजे एकानं मारलं की दुसऱ्याचंही फिरतं.

अशा सायकलवर एक नियम असतो. मागच्या माणसाला समोरचं काही दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्यानं सगळं बोलून दाखवायचं. खड्डा आला की "खड्डा", वळायचं असेल तर "डावीकडे", थांबायचं असेल तर "ब्रेक". न सांगता ब्रेक लावला तर मागच्याचं नाक आपल्या पाठीवर. माझ्यासारख्या माणसाला हे म्हणजे शिक्षाच. दिवसभरात मी हॉस्पिटलात बोलायचो ती तीन वाक्यं, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. पण सायकलवर मला तोंड मिटताच येईना. सुरुवातीला नुसते खड्डे आणि वळणं सांगायचो. मग एका रविवारी, धुकं होतं, नदीकाठानं जाताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आता पूल येईल, पुलानंतर डेअरी." तिनं मागून विचारलं, "इथे कुठली डेअरी?" म्हटलं, "इथे नाही. आमच्याकडे." ती म्हणाली, "मग आण की इथे."

तिथून सुरुवात झाली. दर रविवारी आम्ही आपलं शहर थोडं थोडं इथे आणून ठेवलं. निळ्या फाटकाचं गोदाम झालं डेअरी. ट्रामचा डेपो झाला बर्फाचा कारखाना. बेकरीला गिरणी म्हणायचं ठरलं, पीठ ते पीठ. लाँड्रीमागचा बोळ ही आपली गल्ली. ती एकेक गोष्ट विचारून घ्यायची. छापखान्याचं दार कुठल्या रंगाचं, शिंप्याच्या दुकानात कात्री कुठे टांगलेली असायची, आई कुठल्या वळणावर उभी राहून आपली वाट बघायची. मी सांगायचो. तिच्या तोंडाकडे बघून मला एवढं सांगता आलं नसतं. पाठमोरा होतो म्हणून सांगता आलं. आमच्या संसारातलं जे काही महत्त्वाचं बोलणं झालं ते सगळं असंच झालं, तिनं माझ्या पाठीशी केलेलं आणि मी समोरच्या रस्त्याशी. आपल्याला मूल होणार नाही हेही तिनं मला इथल्या टाकीच्या चढावरच सांगितलं. मी "गिअर बदलतो" एवढंच म्हणालो. तिला कळलं.

आणखी एक गंमत. घरात ती मला "अहो" म्हणायची आणि सायकलवर "अरे". मी एकदा विचारलं तर म्हणाली, "खड्ड्यात पडताना 'अहो' म्हणायला वेळ कुणाकडे असतो?"

आता ती गोष्ट, जिच्यावर तू अजूनही हसतेस. बाबा आजारी होते म्हणून आम्ही दोघं आलो तेव्हाची. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं पिशवी घेतली आणि दूध आणायला निघाली. तू म्हणालीस, "वहिनी, कुणाला तरी बरोबर घे, चुकशील." ती म्हणाली, "मला इथला दगड न् दगड माहीत आहे." गल्लीच्या तोंडाशी एका गृहस्थांनी तिला वाचनालयाचा रस्ता विचारला. ते नुकतेच बदली होऊन आलेले. ती म्हणाली, "चला, मी तिकडेच निघालेय," आणि त्यांना घेऊन मोठ्या ऐटीत उजवीकडे वळली. पुढचं मी सांगायला नको. दोघंही लाकडाच्या वखारीत पोचले आणि वखारीची कुत्री मागे लागली. शेवटी त्या गृहस्थांनीच विचारत विचारत तिला घरी आणून सोडलं. दारात घाम पुसत म्हणाले, "मी या शहरात नवीन आहे, पण या बाई माझ्याहून नवीन निघाल्या." तू हसत हसत भिंतीला टेकून खालीच बसलीस. वहिनी मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "तुम्ही उजवीकडे म्हणाला होतात," एवढंच म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. इथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात आणि बोळातून बाहेर पडलं की नदीही दुसऱ्या हाताला येते. मी शहर आणून ठेवताना सायकलवाल्याच्या हिशेबानं ठेवलं होतं. तिकडे जे वळण सोपं ते इथेही सोपं, जिथे तिकडे रस्ता ओलांडावा लागतो तिथे इथेही ओलांडायचा. त्या नादात सगळं शहरच उलटं झालं होतं. जे डावीकडे ते उजवीकडे. माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं, आणि तिच्याकडे तर दुसरं शहर नव्हतंच ताडून बघायला. तू म्हणालीस, "जन्मभर लोकांच्या हाडांना डावं-उजवं लावलंस आणि बायकोला मात्र सगळं उलटं शिकवलंस!" एक्स-रेच्या प्लेटवर शिशाचं अक्षर चिकटवतात, डावं की उजवं ते कळायला. ते चुकलं तर भलत्याच गुडघ्यावर सुरी चालते. मी ते एकदाही चुकवलं नाही आणि इथे अख्खं शहर चुकवून बसलो. बाबा आतल्या खाटेवरून ऐकत होते. त्यांना बोलताना धाप लागायची, तरी म्हणाले, "उलटं का असेना, आपलं शहर ओळखते ना पोरगी." मग बाबाही हसले. त्यांचं ते मी ऐकलेलं शेवटचं हसू.

परत आल्यावर मी तिला म्हटलं, आता सगळं सुलट करून टाकू, फार तर महिनाभर लागेल. तिनं साफ नकार दिला. म्हणाली, "तुमचं तिकडचं तिकडे नीट राहू दे. माझं हेच पाठ झालंय." मग मीही नाद सोडला. उलट हळूहळू माझंच पाठांतर बदललं. आपलं शहर आठवायचं म्हटलं की मला इकडचंच आठवायला लागलं. पुलावर वारा उजव्या कानात लागायचा. आई उजव्या वळणावर उभी असायची.

तिच्या आजाराबद्दल मी तुला फोनवर कधी नीट सांगितलं नाही. आज सांगतो. खोकला बरेच दिवस होता. एका सकाळी ती माझ्याबरोबरच सायकलवरून हॉस्पिटलात आली. छातीचा फोटो मी काढला नाही. घरच्या माणसाचा आम्ही काढत नाही. माझ्या कामावरच्या जोडीदारानं काढला. पण पडद्यावर तो उमटला तेव्हा मी तिथेच होतो. ते वाचायला मला कुणा डॉक्टरांची गरज नव्हती. जोडीदारानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दिवा बंद केला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सांगणार होते. आम्ही घरी निघालो. मी नेहमीसारखा बोलत होतो, खड्डा, वळण, सिग्नल, पुन्हा खड्डा. पुलाच्या चढावर ती मागून म्हणाली, "अरे, आज तू नसलेले खड्डेसुद्धा सांगतोयस. खरा कुठला आहे तो सांग."

मी मागे वळून पाहिलं नाही. पायडल मारत मारत, समोरच्या रस्त्याकडे बघत, मी तिला सगळं सांगितलं. कुठे आहे, केवढं आहे, साधारण किती वेळ असतो. पूल संपेपर्यंत तिच्या पायांचा जोर कमी झाला नाही, ते मला माझ्या पायांत कळत होतं. मग म्हणाली, "डेअरी आली. वळ."

त्या दिवसानंतर ती घरातही मला "अरे"च म्हणायला लागली.

जमलं तोवर आम्ही जात राहिलो. मग ती नुसती बसायची आणि मी दोघांचं मारायचो. मग खिडकीत खुर्ची टाकून बसायची आणि मी एकटा चालत जाऊन तिला गिरणीचा पाव आणून द्यायचो. पानं गळून गेली तेव्हा ती गेली. मेहुण्यांचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं. तुला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. तू फोनवर होतीस आणि माझ्या वतीनंही रडलीस. मला तेही नीट जमलं नव्हतं.

थंडीभर सायकल जिन्याखाली उभी होती. तळमजल्यावरचे आजोबा रोज तिला अडखळायचे आणि माझ्या दारावर काठी वाजवायचे. "ही सायकल आहे की आगगाडी? चालवा नाहीतर हलवा!" बायको गेल्याचं त्यांना माहीत होतं. आठवड्यातून एकदा ते माझ्या दाराशी सूप ठेवून जायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी. शेवटी त्यांच्या काठीला कंटाळून मी सायकल बाहेर काढली. सायकलवाल्या बाईंनी हवा भरली, साखळीला तेल घातलं. एरवी त्यांची शिट्टी थांबत नाही. त्या दिवशी थांबली.

दोघांची सायकल एकट्यानं चालवता येते. जड जाते, वळताना शेपूट मागे राहिल्यासारखं वाटतं, पण येते. फक्त एक गोष्ट मी विसरलो होतो. मागची पायडलं फिरत राहतात. मी मारलं की तीही फिरतात, रिकामीच. मला ती दिसत नाहीत, पण आवाज येतो. पहिल्या दिवशी मी बोळाच्या तोंडाशीच उतरलो आणि सायकल ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी सिग्नलपर्यंत गेलो. पूर्वी या सिग्नलला कुणी ना कुणी तोच एक विनोद करायचं, "साहेब, मागची पायडल मारत नाहीये हो!" मग ती दोन्ही पाय हवेत उचलून दाखवायची. त्या दिवशी बाजूला भाजीची व्हॅन थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, "काय हो, मागची सवारी कुठे सांडली?" त्या बिचाऱ्याला काय माहीत. मी म्हटलं, "हो, सांडली खरी." आणि मला हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं. व्हॅनवालाही हसला. सिग्नल सुटला. मी बऱ्याच पुढे गेलो तेव्हा लक्षात आलं की मी मोठ्यानं "खड्डा" म्हणतो आहे.

त्याच सुमाराला तुझ्या खोलीचं कळलं. मला वाटलं, जावं. इथे कोण आहे? तिकडे तू आहेस, मेहुणे आहेत, माझे चढ आहेत. भांडी बांधायलासुद्धा काढली. आणि विचार केला, जायचंच आहे तर डोक्यातलं शहर आधी सुलट करून घेऊ, नाहीतर वहिनीसारखाच मीही वखारीत जायचो. तू पुन्हा भिंतीला टेकून बसायचीस. म्हणून गेल्या रविवारी सराव करायला निघालो. धुकं होतं. नदी दिसत नव्हती, नुसता ओला वास येत होता. बोळातून बाहेर पडलो आणि स्वतःला सांगितलं, पूल खरा डावीकडे. गिरणी खरी डावीकडे. छापखाना समोरच्या अंगाला. शाळेत पाढे म्हणायचो तसं म्हणत चाललो. जमत होतं. एकेक गोष्ट आपल्या मूळ जागी जाऊन बसत होती आणि मलाही बरं वाटत होतं.

पूल ओलांडला. मी मोठ्यानं म्हटलं, "डेअरी, डावीकडे." आणि ठमे, त्या क्षणी मागे कुणीच नव्हतं.

कसं सांगू तुला? तोवर होतं. ती गेल्यापासून त्या वळणावर दर वेळी मागून काहीतरी यायचं. आवाज म्हणणार नाही, पण "वळ" म्हणण्याआधी ती श्वास घ्यायची तेवढं तरी यायचं. त्या दिवशी आलं नाही. डेअरी डावीकडे असलेल्या शहरात ती कधी नव्हतीच. तिथे ती एका सकाळी पिशवी घेऊन निघाली, चुकली आणि परत आली, तेवढीच. मी पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून धुकं वर जाईपर्यंत उभा राहिलो. मग तोच रस्ता पुन्हा केला. उजवीकडे म्हणालो.

तू मागे सांगितलंस की डेअरी पाडून तिथे वाहनतळ केला, छापखाना गेला, टाकीच्या चढावरून उड्डाणपूल गेला. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, म्हणजे ती सगळी आता एकाच ठिकाणी उरली आहेत, इथे, उलटी. तुझ्या खोलीत राहून मी दोन महिन्यांत सुलट होईन. तू रोज कानाला धरून करशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे आणि त्यात तुझं चुकणारही नाही. पण मग तिचं शहर कुणाच्याच डोक्यात राहणार नाही.

तेव्हा उत्तर असं की मी येत नाही. हूक राहू दे, मेहुण्यांची टोपी टांगा. बाक वर न्या, मुलांना जिन्यात बसवू नकोस. पण एवढंच सांगायचं असतं तर ते फोनवरही जमलं असतं. पत्र लिहिलं ते दुसऱ्या कारणासाठी. उन्हाळ्यात तू इकडे ये. मेहुण्यांना आण किंवा नको आणू, पण तू ये आणि मागे बस. मला एकट्याला हे फार दिवस सांभाळता येणार नाही, माझंही वय झालं, आणि माझ्यामागे निदान एका माणसाला ते पाठ असावं असं वाटतं. तू हसशील, हस. तुला सायकल येत नाही हे माहीत आहे, मागच्याला तोल सांभाळावा लागत नाही, नुसते पाय फिरवायचे. आणि तुला फारसं जड जाणार नाही असं मला काल अचानक वाटलं. लहानपणी कॅरियरवर तू कधी सरळ बसलीच नाहीस. माझ्या पाठीला पाठ लावून उलटी बसायचीस, मागे पडणारा रस्ता बघत. मी पुलावरून वळायचो तेव्हा डेअरी माझ्या डाव्या हाताला असायची आणि तुझ्या उजव्या. म्हणजे ठमे, हे शहर तू आधीच पाहिलेलं आहेस. मागची सीट आज सकाळी मी खाली केली. वहिनीच्या उंचीवर ती गंजून बसली होती. तेल घातलं, थांबलो, पुन्हा घातलं, तेव्हा हलली. तू तिच्यापेक्षा चांगली चार बोटं बुटकी आहेस.

उत्तर नको, फक्त तारीख कळव.

तुझाच,
दादा